शेपूट पकडणारं प्रतिपिंड

जुन्नर-आंबेगावात रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी धरायला जाणाऱ्याला बिबट्याची धास्ती. त्यात रातांधळेपणा असला तर विचारूच नका. अंधुक उजेडात दिसतं ते डोळ्याच्या पडद्यातल्या ऱ्होडॉप्सिनमुळे, म्हणजे ३४८ अमिनो आम्लांच्या साखळीमुळे. पेशींत हे प्रथिन शोधायला प्रयोगशाळेत ‘१डी४’ नावाचं प्रतिपिंड वापरतात. ते साखळीचं फक्त शेपूट पकडतं, शेवटची ९ आम्लं. आणि इथंच फसायला होतं बरं का! आनुवंशिक रातांधळेपणाच्या एका प्रकारात एका जनुकातल्या चुकीमुळे शेवटची ५ आम्लं बनतच नाहीत. हे शेपूटतुटकं प्रथिन पेशीत भलत्याच जागी साचतं, पण प्रतिपिंडाला ते सापडत नाही. रंग उमटतो तो दुसऱ्या, चांगल्या जनुकाच्या ऱ्होडॉप्सिनचा. म्हणून साखळीचं पुढचं टोक धरणारं प्रतिपिंडही लावून पाहावं लागतं.