गोळी सुटण्याआधी दचकणारं बोट

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमची पुतणी कॉलेजातून आली ती थेट माडीवर गेली. एनसीसीचा गणवेश पलंगावर टाकला आणि म्हणाली, ‘‘काकू, मी एनसीसी सोडणार. परेड जमते, नकाशा जमतो, हे फायरिंग काही माझ्यानं व्हायचं नाही.’’

कारण साधं नव्हतं. दिल्लीच्या थल सैनिक कॅम्पसाठी मुलींची निवड चालू होती आणि त्यात नेमबाजीला मोठं महत्त्व. पहिल्या फेरीत तिला पाच गोळ्या मिळाल्या. कागद ती घडी करून घरी घेऊन आली होती. एक भोक मधल्या काळ्याच्या कडेला, एक वर, दोन खाली, आणि पाचवं कागदावरच नाही! वर शिकवणाऱ्यांपैकी एकानं सगळ्या मुलींसमोर ‘‘घाबरट’’ म्हणून हाक मारली. मुलीला गोळी लागली ती ही.

माझी जाऊ धारवाडकडची. त्यामुळे आमच्या घरात भांडण मराठीत आणि समजूत कानडीत, अशी वाटणी आहे. जावेचे वडील, म्हणजे मुलीचे अज्जा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीतली काही वर्षं त्यांनी नव्या रंगरुटांना हत्यार शिकवण्यात घालवली. ते तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होते. त्यांनी चष्मा लावून कागद उजेडात धरला, भोकांवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘हुडुगी अंज्याळ.’’ मुलगी घाबरलीय.

‘‘मी नाही घाबरत!’’ ती उसळली.

‘‘तू नाही गं. तुझं बोट घाबरतंय. तुला ठाऊकसुद्धा नाही.’’

वाचकहो, त्या एका वाक्यात सगळं आलं, असं मला आज वाटतं. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे आमच्या घरात जे चाललं, ते पाहताना मला रायफलीबद्दल तर कळलंच, पण माणसाच्या शरीराबद्दल जास्त कळलं. ज्यांची मुलं-मुली एनसीसीत आहेत, पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करताहेत, किंवा कोल्हापूरचं बघून एअर रायफल शिकायला लागली आहेत (आपल्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत), त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी दचकण्याचं. रायफल उडाली की आवाज होतो आणि दस्ता खांद्यात मागे बसतो. एनसीसीची .२२ रायफल तशी सौम्य. तिचा धक्का म्हणजे कुणी खांद्यावर थाप मारावी इतकाच. पण आवाज तिचाही कानाजवळ १४० डेसिबलच्या घरात जातो. जुन्या .३०३ किंवा ७.६२ च्या रायफलींचा धक्का तर दस्ता नीट बसवला नसेल तर खांदा काळानिळा करतो. शरीराला हे एकदा कळलं की ते शहाणं होतं. पुढच्या वेळी आवाज व्हायच्या आतच डोळा मिटतो, खांदा पुढे रेटतो, मनगट आवळतं, नळीचं तोंड खाली जातं. फटाक्याची वात पेटवणारा मुलगा फटाका फुटायच्या आतच मान वळवतो, तसंच हे.

आता गंमत बघा. चाप सुटल्यावर गोळी नळीबाहेर पडायला सेकंदाचे काही हजारांश भाग पुरतात. माणसाला आवाज ऐकून हलायला साधारण सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो. म्हणजे आवाजामुळे तुम्ही कितीही जोरात दचकलात, तरी तोवर गोळी कागद फाडून गेलेली असते. ते दचकणं नेम बिघडवूच शकत नाही. नेम बिघडतो तो आवाजाच्या आधीच्या दचकण्यानं, म्हणजे जे अजून घडलेलं नाही त्याच्या भीतीनं. अज्जांनी हे आकडे सांगितले नाहीत, ते मी नंतर वाचले. ते म्हणाले होते, ‘‘पडणाऱ्या थपडेला कोण भितं? न पडलेल्या थपडेला भितात.’’

आणि चूक किती लहान पुरते तेही बघा. रायफलीची मागची खाच आणि पुढची माशी यांत साधारण ७० सेंटिमीटरचं अंतर धरलं आणि माशी एक मिलिमीटर खाली झुकली, तर २५ यार्डांवर गोळी सव्वा इंच खाली लागते. एक मिलिमीटर! डोळा मिटताना गाल हलतो, तेवढ्यानंही हे होतं.

दुसरा दोष चाप ओढण्याचा, आणि तो दचकण्याचा सख्खा भाऊ असला तरी स्वभावानं वेगळा. दचकणं भीतीतून येतं, झटका हावेतून. रायफल कुणाच्याच हातात पूर्ण स्थिर राहत नाही. माशी काळ्या ठिपक्याभोवती हळूहळू फिरत राहते. नवा नेमबाज वाट बघतो. माशी बरोबर मधे आली की मनात येतं, आत्ता! आणि बोट खटकन चाप ओढतं. बोटाबरोबर सगळा पंजा आवळतो आणि रायफल मधून निघून जाते. म्हणून दहा मीटरच्या एअर रायफलीतही, जिथे धक्का जवळजवळ नाहीच, झटक्याचा दोष असतो. तिथे दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तो समोर दिसला की कुणाचं बोट शांत राहील?

इथे अज्जांनी एक शब्द वापरला, ज्याच्यावरून घरात हशा झाला. ते सारखे म्हणत, ‘‘अवसर ब्याड, अवसर ब्याड.’’ कानडीत अवसर म्हणजे घाई. पुतणी म्हणाली, ‘‘अज्जा, मराठीत अवसर म्हणजे संधी.’’ म्हातारा क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘हां, अगदी तेच. तुला मराठी अवसर दिसला की तू कानडी अवसर करतेस.’’ दोन भाषांच्या घरात राहण्याचे फायदे असे अचानक हाती लागतात.

घरी अर्थातच रायफल नव्हती. एनसीसीची हत्यारं युनिटच्या कोठीत कुलपात असतात, आणि ते योग्यच आहे. अज्जांनी बॉलपेन काढलं, ते टकटक वाजणारं. ‘‘अंगठ्यानं नाही, पहिल्या बोटाच्या पेरानं दाब. इतकं सावकाश दाब की टक कधी वाजेल ते तुला कळता कामा नये.’’ ऐकायला पोरखेळ वाटतो. मी स्वतः करून पाहिलं, दहातल्या आठ वेळा मला टक आधीच कळलं, आणि कळलं की बोट पुढचा रस्ता धावतच जातं. ती मुलगी बस स्टॉपवर, जेवणाच्या ताटावर, टीव्हीसमोर पेन दाबत बसायची. आठ-दहा दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर टक वाजल्यावर किंचित आश्चर्य दिसायला लागलं. अज्जांना ते आश्चर्यच हवं होतं.

मग श्वास. पूर्ण श्वास घे, सोड, आणि सोडून झाल्यावर जी नैसर्गिक विश्रांती असते तिथे थांब. त्या विश्रांतीत सहा-आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात गोळी गेली नाही तर रायफल खाली कर, पुन्हा श्वास घे, पहिल्यापासून सुरू कर. यापलीकडे ताणलं की डोळ्यांपुढे माशी धूसर होते, अंग थरथरतं आणि एकदाची सुटू दे म्हणून बोट झटका देतं. अज्जांच्या मते निम्मे झटके इथेच जन्माला येतात. खाली ठेवायला लाज वाटते म्हणून! मुलींच्या रांगेत सगळ्यांच्या गोळ्या उडताहेत आणि आपणच रायफल खाली करायची, याला धैर्य लागतं.

खरी परीक्षा मैदानावर झाली. युनिटमधले एक उस्ताद सज्जन निघाले. अज्जांनी त्यांना जाऊन विनंती केली आणि त्यांनी आपल्या देखरेखीखाली एक जुना उपाय करू दिला. मुलगी पट पडून नेम धरणार, काडतूस मात्र उस्ताद भरणार. कधी खरं, कधी खोटं, ज्याला फौजेत ड्रिल राऊंड म्हणतात. तिला कळू द्यायचं नाही. पहिली दोन खरी होती. तिसरं खोटं. चाप पडला, टक असा कोरडा आवाज झाला, धक्का नाही, धूर नाही, आणि तरीही रायफलीचं तोंड दोन बोटं खाली आपटलं. डोळे घट्ट मिटलेले. शेजारच्या मुली हसल्या. आमची हसली नाही. तिनं पहिल्यांदा आपलं दचकणं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे, डोळे उघडल्यावर.

त्या दिवसापासून ती ‘‘मी घाबरत नाही’’ म्हणायची थांबली.

यात उपाय आणि निदान एकच असतं. समोरचं काडतूस खरं की खोटं हे कळत नसलं, की शरीराला कशाची आगाऊ तयारी करावी तेच समजेनासं होतं. खोट्यांचं प्रमाण जास्त ठेवलं तर हळूहळू ते तयारी करणं सोडून देतं. आणखी एक प्रकार उस्तादांनी केला. तिनं फक्त नेम धरायचा, चाप त्यांनी दाबायचा. बोटाची जबाबदारीच काढून घेतली. त्या गोळ्या एकमेकींच्या अंगाला अंग लावून बसल्या. म्हणजे तिचा नेम कधीच वाईट नव्हता! हे समजल्यावर मुलगी घरी आली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली.

काही साध्या गोष्टी होत्या, ज्यांकडे आधी कुणी लक्षच दिलं नव्हतं. कानात बोळे आणि वर कानटोपासारखे संरक्षक, दोन्ही. आवाज निम्मा भीतीचा बाप असतो. दस्ता खांद्याच्या खळग्यात, दंडावर नाही. आणि शरीराची दिशा. नेम धरून डोळे मिटायचे, एक श्वास घ्यायचा, डोळे उघडायचे. माशी बाजूला सरकलेली दिसली तर हातानं ओढून आणायची नाही, पोट आणि कोपर सरकवायचं. जी रायफल हातानं ओढून धरावी लागते ती चाप पडताना आपल्या जागी परत जाते. चाप सुटल्यावरही बोट तसंच मागे धरून एक सेकंद माशीकडे बघत राहायचं. उठून कुठे लागली बघायची घाई, हाही अवसरच.

एक सूचना मात्र अज्जांच्याच कडक आवाजात. रिकाम्या हत्यारावर सराव करायचा तो जाणत्या माणसासमोर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, हत्यार दोनदा तपासून. .२२ मध्ये खोटं काडतूस न घालता रिकामाच चाप पाडत राहिलं तर काही रायफलींच्या नळीच्या मागच्या कडेला इजा होते, आणि जत्रेतल्या स्प्रिंगच्या एअर गनी तर रिकाम्या उडवूच नयेत. उस्तादांना विचारल्याशिवाय काही करू नये.

आपल्या भागातल्या मुलींना या खेळात परकं वाटायचं कारण नाही. अंजली भागवत मुंबईच्या कॉलेजात एनसीसीतूनच रायफलीकडे वळल्या आणि २००३ मध्ये मिलानला वर्ल्ड कप फायनलचं सुवर्ण घेऊन आल्या. सुमा शिरूर जन्मानं चिक्कबळ्ळापूरच्या, म्हणजे आपल्या कर्नाटकाच्या, आणि सून महाराष्ट्राची. त्यांची शिष्या अवनी लेखरा हिनं २०२१ मध्ये टोकियोत आणि २०२४ मध्ये पॅरिसला पॅरालिम्पिकचं सुवर्ण जिंकलं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ६०० पैकी ५९७ गुण करून जगज्जेत्या झाल्या. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तर निपाणीवरून दुचाकीनं जाता येईल इतक्या जवळचा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात त्यानं ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, तेव्हा आमच्या घरात अज्जा टीव्हीसमोर उभे राहिले होते. सगळे गुणांकडे बघत होते, ते बोटाकडे. ‘‘बेरळ नोडु, बेरळ नोडु,’’ म्हणजे बोट बघ, बोट बघ.

निवडीची शेवटची फेरी पावसात झाली. पाच गोळ्या. मी आणि अज्जा गेटबाहेर छत्रीत उभे. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसते आवाज येत होते, आणि प्रत्येक आवाजाला मीच दचकत होते. म्हातारा हसत होता.

संघात तिची जागा एकानं हुकली. पाचापैकी चार गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ, पाचवी बाहेर. ती गेटमधून आली तेव्हा कागद अजून उस्तादांच्याच हातात होता, तिनं पाहिलेला नव्हता. अज्जांनी निवड झाली का हे विचारलंच नाही.

‘‘ऐदनेदु यल्लि होतु?’’ पाचवी कुठे गेली?

‘‘खाली, डावीकडे,’’ ती म्हणाली. ‘‘डोळा मिटला माझा.’’

उस्ताद कागद घेऊन आले. पाचवं भोक खाली होतं, डावीकडे. अज्जांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि छत्री तिच्या डोक्यावर धरली. पुढच्या वर्षीच्या निवडीला अजून दहा महिने आहेत, आणि आमच्या घरातलं एकही बॉलपेन आता नीट वाजत नाही.