फ्रिजची वीज आणि घरचा हिशेब



ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात विजेचे बिल वाढले की त्याचा दोष बहुधा कूलरच्या माथी मारला जातो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बाराही महिने चालणाऱ्या फ्रिजकडे सहसा कोणी पाहत नाही. पाहिलेच, तर दार उघडणाऱ्या मुलांना रागे भरणे आणि रात्री बटण बंद करणे, एवढ्यावर आपली काटकसर संपते.

वस्तुतः फ्रिज थंडी निर्माण करीत नाही. आतील उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. पाझरणाऱ्या विहिरीतील पाणी पंपाने उपसावे तसेच हे काम. भिंतींतून, दाराच्या रबरी पट्टीपाशी आणि आपण ठेवलेल्या पदार्थांबरोबर जितकी उष्णता आत येते, तितकीच उपसावी लागते. म्हणून कॉम्प्रेसर १५० वॅटचा आहे, सबब दिवसाला ३.६ युनिट, हा गुणाकार फसवा आहे. ठरलेला गारवा आला की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर थांबवितो; तो किती वेळ चालतो, यावर सारा खर्च अवलंबून असतो.

आत ५ अंश आणि जानेवारीत स्वयंपाकघर १५ अंश असेल, तर अंतर १० अंशांचे. मे महिन्यात तेच घर ३५ अंशांवर गेले, तर ३० अंशांचे. भिंतींतून पाझरणारी उष्णता या अंतराच्या प्रमाणात, म्हणजे तिप्पट होते. शिवाय तापलेल्या हवेत उष्णता टाकणे कॉम्प्रेसरला अधिक जड जाते. मागील जाळीवर धूळ साचली किंवा फ्रिज भिंतीला चिकटला, तर त्यात आणखी भर.

आता मुलांची बाजू घेऊ. दोनशे लिटरच्या फ्रिजमधील सगळी थंड हवा निघून गेली, तरी कोरड्या उन्हाळ्यात ती पुन्हा थंड करण्यासाठी १० किलोज्यूलही उष्णता काढावी लागत नाही. पावसाळ्यातील दमट हवेत सुमारे दुप्पट. उलट ३५ अंशांचे ५ लिटर पाणी ५ अंशांवर आणण्यास सुमारे ६३० किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे साठ वेळा दार उघडण्याहून अधिक! तेच पाणी आधी माठात २५ अंशांपर्यंत निवू दिले, तर एकतृतीयांश काम बाष्पीभवन फुकट करून देते. ऊन आमटीचे पातेले आत ठेवण्याचाही हिशेब असाच.

रात्री बटण बंद केल्याने उष्णतेचे पाझरणे थांबत नाही. तुंबलेले काम सकाळी पुरे करावे लागते. बचत होते ती अगदी किरकोळ, आणि दूध, शिजविलेले अन्न वा २ ते ८ अंशांत ठेवावयाचे इन्शुलिन मात्र पणाला लागते. हा सौदा कोणत्याही घराने करू नये.

पैशांचा हिशेब करताना सरासरी दर धरणेही योग्य नव्हे. वापराच्या टप्प्यानुसार दर चढत असल्याने वाचलेले युनिट शेवटच्या, महागड्या टप्प्यातले असते. मध्य प्रदेशात २०१९ साली सुरू झालेल्या घरगुती वीज-सवलतीला तर महिना १५० युनिटांची मर्यादा घातली गेली. ती ओलांडली की त्या महिन्याची सवलत गेली. काठावरच्या कुटुंबाला जुन्या फ्रिजची वीस युनिटे अशा वेळी किती भारी पडतात, हे निराळे सांगावयास नको.

२००६ सालापासून ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकित पट्ट्या आल्या. निकष वेळोवेळी कडक होत गेल्याने निरनिराळ्या वर्षांचे तारे परस्परांशी ताडून पाहू नयेत. पट्टीवरील वार्षिक युनिटांचा आकडा पाहावा. तो १८० असेल, तर महिन्याला १५ युनिटे, आणि शेवटच्या टप्प्याचा दर सात रुपये धरल्यास १०५ रुपये. दुप्पट वीज खाणारा जुना फ्रिज महिन्याला २१० रुपये घेईल. नवा घेतल्यावर तोच जुना फ्रिज माजघरात ‘असू द्या, पाण्याच्या बाटल्यांना’ म्हणून चालू ठेवला, तर बिल उतरण्याऐवजी चढते.