आधी कापसाचा सौदा, मग सिफारत

चीनच्या मालाशी ज्याचा कधीच संबंध आला नाही असा कापडवाला आज सापडणे कठीण. पण तो देश परदेशात आपली माणसे कशी नेमतो, याची माहिती आपल्या बाजारात थोड्यांनाच असते. म्हणून हुआंग हुआ या सफिराची कारकीर्द येथे देत आहोत. (उर्दू शाळेत आम्ही राजदूताला सफीरच म्हणायला शिकलो, तो शब्द अजून सुटत नाही.)

हुआंग हुआंचा जन्म 1913 चा. बीजिंगच्या येनचिंग विद्यापीठात ते अर्थशास्त्र शिकले. 1936 मध्ये एडगर स्नो हा अमेरिकन पत्रकार कम्युनिस्टांच्या मुलखात गेला, तेव्हा हे त्याचे दुभाषी झाले. 1949 मध्ये नानजिंग येथे त्यांना अमेरिकेचे राजदूत स्टुअर्ट यांच्याशी बोलणी करावी लागली. हे स्टुअर्टसाहेब पूर्वी त्याच येनचिंगचे प्रमुख होते! उस्ताद एका बाजूला, शागीर्द दुसऱ्या बाजूला. बोलणी फिसकटली आणि ऑगस्टमध्ये स्टुअर्ट मायदेशी परतले.

1955 च्या बांडुंग परिषदेत हुआंग चीनच्या शिष्टमंडळात होते. इजिप्तचे नासर आणि चीनचे चौ एन-लाय तेथे भेटले. त्या काळी इजिप्तची सारी मदार कापसावर, आणि तो खपवायला नवे गिऱ्हाईक हवे होते. त्याच वर्षी दोन्ही देशांत व्यापारी करार झाला, चीनने कापूस घेतला. इजिप्तने तोवर चीनच्या या सरकारला मान्यताही दिली नव्हती. 1956 मध्ये कैरोत आधी चीनचे व्यापारी कार्यालय आले. मान्यता मिळाली 16 मे रोजी. पेढीवर बसणाऱ्याला हा क्रम चटकन समजेल: गिऱ्हाइकी जमली की ओळखपाळख आपोआप वाढते.

हुआंग स्वतः 1960 मध्ये घानाचे राजदूत झाले आणि 1966 मध्ये कैरोला आले. तोच चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीचा गोंधळ सुरू झाला. जगभरचे चिनी राजदूत माघारी बोलावले गेले. जागेवर राहिले ते एकटे हुआंग, 1969 पर्यंत. साऱ्या बाजाराची शटरे पडलेली आणि एकच दुकान उघडे, अशी ती गत! शिवाय जून 1967 चे युद्ध झाले, सुएझ कालवा बंद पडला तो 1975 पर्यंत, आणि जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. भाड्याचा भुर्दंड कोणावर पडतो, हे आपल्याला सांगायला नको.

पुढची चढण भराभर झाली. 1971 च्या जुलैत किसिंजर गुपचूप बीजिंगला आले, तेव्हा त्यांच्याशी बोलणाऱ्यांत हुआंग होते. त्याच वर्षी ते कॅनडात पहिले राजदूत म्हणून गेले. पण ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची जागा चीनला मिळाली आणि काही महिन्यांतच त्यांना न्यूयॉर्क गाठावे लागले. 1976 ते 1982 ते परराष्ट्रमंत्री होते.

आपल्याशी त्यांचा संबंध जून 1981 चा. 1960 मध्ये चौ एन-लाय येऊन गेल्यानंतर इतका मोठा चिनी नेता दिल्लीत आला नव्हता. त्या भेटीनंतर कैलास-मानसरोवरची यात्रा पुन्हा सुरू झाली, डिसेंबरात सीमेची बोलणी सुरू झाली. 1984 मध्ये व्यापार करार झाला, तर 1992 मध्ये मुंबईतील चिनी वकिलात पुन्हा उघडली. हुआंग 2010 मध्ये, 97 व्या वर्षी वारले.

जाता जाता एक कामाची गोष्ट. चिनी दूतावासातील व्यापार विभागाची माणसे परराष्ट्र खात्याची नसतात, ती त्यांच्या वाणिज्य मंत्रालयाकडून येतात. मालाविषयी विचारायचे असेल तर तोच दरवाजा ठोठवावा.