लॉगमधला हिरवा रंग

सकाळी ८:४०
चहा उकळत होता, तेवढ्यात रात्रपाळीच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, बॅकअपचा लॉग खराब झालाय. फाइल करप्ट दिसतेय. पुसून नव्याने सुरू करू का?"
"काहीही पुसू नकोस. आधी स्क्रीनचा फोटो पाठव."
फोटोत प्रत्येक 'ओके'च्या आधी ईएससी, चौकटी कंस, ३२ आणि एम अशी अक्षरं होती. 'ओके'नंतर पुन्हा ईएससी, चौकटी कंस, ० आणि एम. ओळीमागून ओळ हेच. करप्ट झालेली फाइल इतक्या शिस्तीत बिघडत नाही. फाइल शाबूत होती, फक्त रंगाच्या खुणा उघड्या पडल्या होत्या.

९:४५
पाळी संपली तरी तो मुलगा घरी गेला नव्हता, खुर्ची ओढून शेजारी बसला. मला अशी मुलं आवडतात.

टर्मिनलकडे रंग वेगळ्या वाटेने जात नाही, हे त्याला आधी सांगितलं. ज्या रांगेतून अक्षरं जातात, त्याच रांगेतून रंगाचा हुकूमही जातो. एस्केप नावाचं, २७ क्रमांकाचं न दिसणारं अक्षर आलं की टर्मिनलने समजायचं, पुढचं छापायचं नाही, पाळायचं. ३१ म्हणजे लाल, ३२ म्हणजे हिरवा, ० म्हणजे सगळं पूर्ववत. ही रीत रुजवली ती १९७८ साली आलेल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी१०० या टर्मिनलने. त्या यंत्राला स्वतःला रंग दाखवता येत नव्हते. ठळक, अधोरेखित, उलट आणि लुकलुकणारी अक्षरं एवढंच त्याला जमे. आज आपल्या लॅपटॉपवरची टर्मिनलची खिडकी मात्र अजून त्याच यंत्राची भाषा बोलते.

मुलाने फाइल 'लेस'मध्ये उघडली होती. लेस असे हुकूम आपण होऊन पुढे पाठवत नाही, ते अक्षरांत लिहून दाखवतो. त्याला मोठा आर हा पर्याय दिला की रंग नीट दिसतात. रात्री याने छोटा आरही देऊन पाहिला होता. छोटा आर रंगच नव्हे, सगळेच हुकूम जसेच्या तसे सोडतो. मग ओळींची लांबी लेसला मोजता येत नाही आणि स्क्रीनची मांडणी विस्कटते. म्हणूनच तो जास्त घाबरला होता.

१०:३०
आता मूळ प्रश्न. साध्या फाइलीत रंग आला कुठून?

नीट लिहिलेला प्रोग्रॅम रंग लावण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून घेतो, की आपलं आउटपुट टर्मिनलवर जातंय का फाइलीत किंवा पाइपमध्ये. टर्मिनल असेल तरच रंग. या वागण्याला 'ऑटो' म्हणतात. आमच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये मात्र सोमवारी कोणीतरी 'ऑटो'चं 'ऑलवेज' केलं होतं. ज्याने केलं त्याच्याशी बोलले. त्याला आउटपुट स्क्रीनवरही हवं होतं आणि फाइलीतही, म्हणून त्याने ते 'टी' या कमांडमधून काढलं. मध्ये पाइप आल्याबरोबर रंग गेले, आणि ते परत आणायला त्याने 'ऑलवेज' लिहिलं. गरज खरी होती. पण 'ऑलवेज' स्क्रीनलाही लागू होतं आणि फाइलीलाही.

१२:१०
इथवर हा प्रकार नुसता दिसण्याचा वाटत होता. आमची एक छोटी स्क्रिप्ट दर १० मिनिटांनी हाच लॉग चाळते, आणि 'एरर', अपूर्णविराम, 'डिस्क' अशी अक्षरं सलग सापडली की आम्हाला मेसेज पाठवते. सोमवारपासून तिचा एकही मेसेज नव्हता. आम्ही समजलो, सगळं ठीक चाललंय.

मी 'कॅट'ला व्ही हा पर्याय देऊन लॉगचा मधला भाग काढला. या पर्यायाने न दिसणारी अक्षरं दिसू लागतात. 'एरर' हा शब्द तिथे होता, ११ वेळा. पण 'एरर' आणि अपूर्णविराम यांच्यामध्ये प्रत्येक ठिकाणी रंग पूर्ववत करणारी ती चार अक्षरं बसली होती. रंगीत स्क्रीनवर डोळ्यांना दोन्ही शब्द सलगच दिसतात. 'ग्रेप' मात्र बाइट जुळवतो, आणि बाइट सलग नव्हते. एका डिस्कवर ३ टक्के जागा उरली होती आणि तीन रात्रींचा बॅकअप अर्धवट पडला होता.

मुलगा गप्प झाला. मीही. सकाळी ती फाइल पुसली असती, तर या ११ ओळी कोणाच्याच नजरेला पडल्या नसत्या.

१:३०
जेवण पुढे ढकललं. आधी डिस्कवर जागा केली, बॅकअप हाताने चालवला आणि तो पुरा होईपर्यंत समोरून हलले नाही. मग 'सेड'ने लॉगच्या प्रतीतून रंगाच्या खुणा काढल्या. मूळ फाइल तशीच ठेवली. स्क्रिप्टमध्ये 'ऑलवेज'चं पुन्हा 'ऑटो' केलं.

३:००
दुसऱ्या टीमकडून दोन तक्रारी. एकीचा प्रॉम्प्ट रंगीत, पण लांब कमांड लिहिली की ओळ स्वतःवरच चढायची. बॅशमध्ये रंगाचे हुकूम उलटी तिरकी रेघ आणि चौकटी कंसांच्या जोडीत ठेवावे लागतात, नाहीतर बॅश त्यांचीही रुंदी मोजतो. पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्याच्या बॅशआरसीमध्ये 'टर्म' या व्हेरिएबलला २५६ रंगांच्या एक्सटर्मचं नाव कायमचं ठोकून बसवलेलं होतं. मग टीमक्सच्या आत रंग चुकणारच. 'टर्म' म्हणजे समोर कोणतं टर्मिनल आहे याची ओळख. ती टर्मिनलने किंवा टीमक्सने सांगायची, आपण खोटी सांगायची नाही. ती ओळ काढायला लावली.

५:२०
सकाळचा मुलगा झोप काढून परत आला. येताच त्याने चुकून एक बायनरी फाइल 'कॅट' केली आणि प्रॉम्प्टची अक्षरं रेघांच्या नक्षीत बदलली. १४ क्रमांकाचा बाइट मध्ये आला की असं होऊ शकतं, टर्मिनल दुसऱ्या अक्षरसंचावर जातं. या वेळी त्याने फोन केला नाही. वाचता येत नसतानाही न बघता 'रीसेट' टाइप केलं, एंटर दाबलं. स्क्रीन स्वच्छ.

६:४५
पाळी त्याच्या हाती देताना मेसेज पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक भर घातली: लॉगमध्ये २७ क्रमांकाचा बाइट दिसला, तर तोच बिघाड समजून कळवायचं. चाचणीसाठी मुद्दाम एक रंगीत ओळ लिहिली. पुढच्या फेरीत दोघांचेही फोन वाजले.

तुमच्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये रंगासाठी 'ऑलवेज' लिहिलेलं असेल आणि तिचं आउटपुट फाइलीत जात असेल, तर ती आजच उघडून बघा.