समेवरचा क्लिक

गाण्याच्या मैफलीचे फोटो काढायचे तर ताल कळायला हवा, हे मला पुण्यात रमणबागेच्या मैदानावर एका आजोबांच्या वटारलेल्या डोळ्यांनी शिकवलं. सवाई गंधर्व महोत्सवात विलंबित रंगला होता आणि माझ्या कॅमेऱ्यातला आरसा खाडकन वाजला. तेव्हापासून मी समेवरच बटण दाबायचो. तबल्याची थाप आणि श्रोत्यांची दाद एकत्र आली की माझा क्लिक त्यात बुडून जायचा. फ्लॅश वापरत नव्हतो, म्हणून 400 आयएसओची फिल्म 1600 ला ओढायची आणि रात्री सदाशिव पेठेतल्या घरच्या मोरीत, अंधारात धुवायची. दहा वर्षं असंच चाललं.

2009 मध्ये बायकोच्या नोकरीमुळे बर्लिनला आलो. इथे माझ्या फोटोंना कोण विचारणार? सिनेमाचे कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका ठिकाणी पेट्या पुसायचं काम मिळालं. तिथून वर्षभरात सेटवर गेलो, दुसरा कॅमेरा सहायक म्हणून.

दुसऱ्या सहायकाने लेन्स आणून द्यायची, क्लॅप मारायचा, फिल्म भरायची. 35 मिलिमीटरचं 400 फुटांचं रीळ साडेचार मिनिटांत संपतं. मग काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून, न बघता, नवं रीळ मॅगझिनमध्ये चढवायचं. शिकवणाऱ्याला वाटलं, मला वेळ लागेल. पण मोरीतल्या अंधाराने बोटं आधीच तयार करून ठेवली होती. 2010 साली आरी कंपनीचा अलेक्सा हा डिजिटल कॅमेरा आला आणि ती पिशवी हळूहळू कपाटात गेली.

आरी म्युनिकची. ऑगस्ट आर्नोल्ड आणि रॉबर्ट रिश्टर यांनी ती 1917 मध्ये काढली. त्यांच्या 1937 च्या अरिफ्लेक्स कॅमेऱ्यात फिरत्या आरशाचं शटर होतं. आरसा आड आला की प्रकाश डोळ्याकडे वळतो, बाजूला झाला की फिल्मवर पडतो. सेकंदाला 24 वेळा. म्हणजे फिल्मवर चित्र उमटत असतं नेमकं त्या क्षणी कॅमेरामनच्या डोळ्यापुढे अंधार! हे समजलं तेव्हा मी थबकलो. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातही तेच व्हायचं. दहा वर्षांत टिपलेली एकही सम मी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती.

पुढे पहिला सहायक झालो, म्हणजे फोकस माझ्याकडे आला. जर्मन लोक याला ‘शेर्फे त्सीएन’ म्हणतात. शब्दशः, धार ओढणं. 85 मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर दोन, नट दोन मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरचा. डोळा नीट दिसतो, कान धूसर. तालमीत टेपने अंतर मोजायचं, नटाच्या पायाशी खूण चिकटवायची. पण रडणाऱ्या माणसाला खुणेचं भान कुठलं? माझ्या पहिल्याच चित्रपटात एक नटी वीतभर पुढे आली आणि मी खुणेला चिकटून राहिलो. दिग्दर्शक ओरडला नाही. ‘नोखमाल,’ एवढंच म्हणाला, पुन्हा एकदा. तसं रडणं पुन्हा आलं नाही.

त्यानंतर मी खुणेपेक्षा श्वासाकडे बघू लागलो. गायक समेवर यायच्या आधी त्याचा खांदा किंचित उचलतो, नट पाऊल टाकण्याआधी छाती भरून घेतो. तेवढ्यात लेन्सवरची फोकसची कडी फिरायला लागली पाहिजे.

बर्लिनचे कॅमेरामन मिशाएल बालहाउस यांनीही सुरुवात फोटोग्राफीने केली आणि मग बाडेन-बाडेनच्या दूरचित्रवाणीत कॅमेरा सहायक झाले. दिग्दर्शक फासबिंडरच्या ‘मार्था’मध्ये (1974) त्यांनी दोन माणसांभोवती कॅमेरा पूर्ण 360 अंशांत फिरवला. 1989 च्या ‘द फॅब्युलस बेकर बॉइज’मध्ये पियानोवर पहुडून गाणाऱ्या मिशेल फायफरभोवतीही त्यांचा कॅमेरा असाच घिरट्या घालतो. लोक बालहाउसना दाद देतात, द्यायलाच हवी. माझ्या मनात मात्र तेव्हा कडीवर हात असलेला सहायक येतो. आमचं काम तानपुऱ्यासारखं, उतरला की सगळ्यांना ऐकू येतो.

एका डिसेंबरात पुण्याला आलो असताना सवाईला गेलो, कॅमेरा न घेता. पुढे एक मुलगी आवाज न करणाऱ्या नव्या कॅमेऱ्याने आलापातच फोटो काढत होती. आजोबांनी हिला काही म्हटलं नसतं. एवढ्यात गायक समेवर येता येता माइककडे झुकला, आणि मांडीवर माझी बोटं आपोआप फिरली, साधारण वीतभर.