चुकीचा निळा

साडेपाच सेंटिमीटर उंचीच्या दोन माणसांना कपडे चढवायला मला अकरा महिने लागले. त्यांचे विमान त्याआधीच, दीड महिन्यात जोडून झाले होते. 'आराडो १९६' हे त्याचे नाव. चाकांच्या जागी होडक्यासारखे दोन फ्लोट असलेले हे दोन आसनांचे जर्मन विमान दुसऱ्या महायुद्धात मोठ्या युद्धनौकांवर असे. दाबलेल्या हवेवर चालणारा कॅटापल्ट त्याला जहाजावरून हवेत भिरकावी. टेहळणी करून ते परतले की जहाजाशेजारी समुद्रात उतरे आणि क्रेनने वर घेतले जाई. माझे प्रारूप मूळच्या एक बत्तीसांश आकाराचे. सोबतच्या वैमानिकाला आणि निरीक्षकाला मी हौसेने नौदलाचा गडद निळा कोट रंगवला, आणि कोटावर सुईच्या टोकाने सोनेरी गुंड्यांच्या दोन रांगा टिपल्या.

मुंबईत वाढलेल्या माणसाला दुसरे काही सुचणे कठीणच. 'विक्रांत'वरून उडणारे वैमानिक आपल्या नौदलाचेच होते. जहाजावर राहतो तो नौदलाचा, यात शोधायचे काय?

शोधायचे होते ते छातीवरच्या गरुडात. युद्धनौकांच्या डेकवरची जुनी छायाचित्रे भिंग लावून पाहताना लक्षात आले की गरुड दोन प्रकारचे आहेत. नौदलाचा गरुड दोन्ही पंख सरळ पसरून ताठ बसलेला. विमानाजवळ उभ्या असलेल्या माणसांचा गरुड मात्र झेपावणारा, अंग तिरके टाकलेला. हा झेपावणारा गरुड जर्मन हवाई दलाचा, म्हणजे लुफ्तवाफेचा. म्हणजे ही माणसे राहत जहाजावर, पण नोकरी करत हवाई दलाची. त्यांचा रंग गडद निळा नव्हे, करडा निळा. त्यांच्या आखूड उडाण-जाकिटाच्या गुंड्या पट्टीखाली झाकलेल्या. मी टिपलेल्या सगळ्या सोनेरी गुंड्या खरवडून काढाव्या लागल्या.

असे का, हे पाहू गेलो तर गणवेशाची वाट थेट बर्लिनमधल्या एका भांडणाकडे गेली. जर्मनीत उडणारी प्रत्येक वस्तू आपली, असा हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याचा हट्ट होता. नौदलप्रमुख रेडर याला स्वतःचे विमानदल हवे होते. जानेवारी १९३९ मधल्या करारात बाजी गोअरिंगने मारली. युद्धनौकांवरच्या विमानांची तुकडी, 'बोर्डफ्लीगरग्रुप १९६', लुफ्तवाफेचीच राहिली. गंमत अशी, की त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनने नेमके उलटे केले. तिथले जहाजांवरचे विमानदल हवाई दलाकडून काढून नौदलाच्या हाती दिले गेले.

पहिल्या महायुद्धात जर्मनीतही चित्र वेगळे होते. 'वोल्फ' या छुप्या जर्मन जहाजाने फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईबाहेरच्या समुद्रात सुरुंग पेरले. त्यांतल्याच एका सुरुंगाने त्या जूनमध्ये 'मंगोलिया' हे प्रवासी जहाज मुंबईच्या दक्षिणेला बुडाले. 'वोल्फ'वर 'वोल्फशेन', म्हणजे लांडग्याचे पिल्लू, नावाचे एक छोटे समुद्री विमान होते आणि त्याचे वैमानिक नौदलाचेच होते. मी रंगवलेला निळा साफ खोटा नव्हता. वीस-पंचवीस वर्षे शिळा होता.

पण दोघांनाही करडा निळा देऊन प्रश्न सुटत नव्हता. समुद्रावर उडणाऱ्या तुकड्यांत, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, निरीक्षक पुष्कळदा नौदलाचा अधिकारी असे. लाटांवरून जहाजाचा वेग ओळखणे, दूरच्या डोलकाठीवरून नौका कोणती ते सांगणे, हे काम दर्यावर्दी माणसाचे. म्हणजे एकाच विमानात दोन खात्यांचे दोन गणवेश बसू शकत.

त्यात छायाचित्रे रंगाबाबत फसवतात. त्या काळी वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळा रंग फिकट दाखवते आणि लाल जवळजवळ काळा. पिवळाही खऱ्यापेक्षा गडद उमटतो. उड्डाण शाखेच्या कॉलरवरची पट्टी सोनेरी पिवळी असे, पण काही चित्रांत ती शाई सांडल्यासारखी दिसते. म्हणून मी रंग चित्रावरून ठरवणे सोडले. चित्रावरून फक्त शिवण, खिसे आणि घड्या घ्यायच्या, असा नियम केला.

सर्वांत आनंद दिला तो तरंगजाकिटाने. जाड, पन्हळीसारख्या उभ्या वळकट्यांचे हे मळकट पिवळे जाकीट आत कापोकने भरलेले असे. कापोक म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस. त्याचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो, म्हणून तो पाणी धरत नाही. आजीच्या घरी सावरीची उशी होती. जर्मन वैमानिक तिच्याच नात्यातला कापूस छातीशी बांधून उत्तर समुद्रावर उडत होता. इपॉक्सी पुटीच्या शेवया वळून मी त्या वळकट्या केल्या. पहिले तीन प्रयत्न चकलीवर गेले.

विमानाच्या शेपटीवरच्या चिन्हापाशी हात थांबला. आईने विचारलेच, "अरे, स्वस्तिक असं तिरकं का लावतोयस?" नाझींचे चिन्ह उलटे होते अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही, भुजा आपल्यासारख्याच उजवीकडे वळलेल्या, फक्त सगळे चिन्ह पंचेचाळीस अंशांत कललेले. जर्मनीत त्याच्या जाहीर वापरावर कायद्याची बंधने आहेत, त्यामुळे अनेक संचांत ते दिलेलेच नसते. वगळणे सोपे होते. पण गुंड्यांच्या खरेखोटेपणासाठी महिने घालवायचे आणि ही माणसे कोणासाठी लढत होती तेवढे झाकायचे, हे मला पटेना. ते मी हाताने रंगवले. प्रारूप दिवाणखान्यात ठेवायचे नाही, हे आईने सांगितले आणि मी मान्य केले.

प्रसंग निवडला २७ मे १९४१ च्या पहाटेचा. 'बिस्मार्क'चे सुकाणू निकामी झालेले, ब्रिटिश नौका जवळ येत असलेल्या. जहाजाची युद्धनोंदवही आराडोमधून किनाऱ्याला पाठवायची ठरली. विमान तयार झाले, पण तीन दिवसांपूर्वीच्या लढाईत लागलेल्या गोळ्याने कॅटापल्टची हवेची नळी तुटल्याचे तेव्हा उघड झाले. इंधनाने भरलेले विमान शेवटी समुद्रात ढकलून द्यावे लागले. त्या सकाळी दोन हजारांहून अधिक माणसे बुडाली; वाचलेली सव्वाशेही नव्हती.

माझा निरीक्षक मातकट तपकिरी उडाण-पोशाखात आहे, छातीवर तिरकी चेन, वर कापोकचे जाकीट. आतला कोट कोणत्या खात्याचा, हे त्यात दिसतच नाही. वैमानिकाच्या गळ्याशी तेवढी पिवळ्याची एक रेघ दिसते. ती मी दोन केसांच्या कुंचल्याने ओढली. निरीक्षकाच्या काखेत दिलेले नोंदवहीचे पुडके सिगारेटच्या चांदीच्या कागदाचे आहे. ते अजून नीट चिकटत नाही.