उमेदवारी म्हणजे काय रे भाऊ?



स्मरणिकेच्या संपादकांनी "काहीतरी लिही, पण कॉम्प्युटरवर नको," असं बजावून सांगितलं, तेव्हाच पंचाईत झाली. इंजिनियरला कॉम्प्युटर सोडून लिही म्हणणं म्हणजे हलवायाला साखर सोडून लाडू वळायला सांगण्यासारखं. पण गेल्या दोन वर्षांत एका विषयात मी नाइलाजाने थोडाफार जाणकार झालो, तोच आपल्यापुढे मांडतो. विषय आहे पत्रकारिता, जाहिरात, रेडिओ, व्हिडिओ, जनसंपर्क असलं काही शिकणाऱ्या मुलांची इंटर्नशिप, आणि तीही जपानमधली.

सुरुवात झाली पुण्याहून आलेल्या ताईच्या फोनने. "अरे, तुझी भाची मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला इंटर्नशिप करायचीय. तुझ्या तिकडे कुठेतरी चिकटव ना!" मी म्हटलं, त्यात काय, बघतो. आमच्या वेळी इंजिनियरिंगला इन-प्लांट ट्रेनिंग असायचं. कंपनीत महिनाभर जायचं, मशिनरी लांबून बघायची, कँटीनमध्ये जेवायचं आणि सर्टिफिकेट घेऊन यायचं. तसंच काहीतरी असेल, अशी माझी भाबडी समजूत! ती किती चुकीची होती ते पुढे येईलच.

आधी शब्दाबद्दल. इंटर्नशिप हा शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तिला 'उमेदवारी' म्हणत. कचेरीत, छापखान्यात, वर्तमानपत्रात पोरगा आधी उमेदवारी करायचा. मुद्रितं तपासायची, बातम्यांच्या चिठ्ठ्या पोचवायच्या, जाणत्याच्या हाताखाली शिकायचं. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तेव्हा पत्रकारिता शिकवणारी शाळा जगात नव्हती. पुढे १९०८ साली अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेची स्वतंत्र शाळा निघाली. तिथे पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांनी खरं वर्तमानपत्र काढायचं, अशी पद्धत ठेवली. म्हणजे कॉलेजनेच उमेदवारीची सोय केली. आपल्या पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून पत्रकारितेचं शिक्षण मिळतं. गंमत म्हणजे त्याच आवारात जपानी भाषाही शिकवतात. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तिथेच हिरागाना गिरवली असेल!

जपानही यात मागे नव्हता. टोकियो विद्यापीठात १९२९ साली वृत्तपत्र संशोधनाचा कक्ष सुरू झाला, तर सोफिया विद्यापीठात १९३२ पासून पत्रकारिता शिकवली जाते. मग इतकी जुनी परंपरा असूनही इथे विद्यार्थ्यांना लांबलचक इंटर्नशिप का मिळत नाही? मला हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं.

उत्तर आहे इथल्या नोकरभरतीत. जपानी कंपन्या तयार माणूस शोधत नाहीत. दरवर्षी एप्रिलमध्ये ताज्या पदवीधरांची अख्खी तुकडी एकदम घ्यायची आणि मग घडवायची, ही इथली रीत. मोठ्या वर्तमानपत्रात लागलेला मुलगा पहिली काही वर्षं गावाकडच्या शाखेत जातो आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून बातमी शिकतो. म्हणजे इथे उमेदवारी आहेच, पण ती नोकरी लागल्यावर सुरू होते, पूर्ण पगारावर. आपल्याकडे उलटं. आपली कंपनी विचारते, "अनुभव काय आहे?" म्हणून कॉलेजमध्ये असतानाच अनुभव गोळा करावा लागतो. भारतातल्या आणि जपानमधल्या इंटर्नशिपची तुलना करताना हा फरक लक्षात घेतला नाही की सगळं गणित चुकतं.

जपान सरकारने इंटर्नशिपला अधिकृतपणे हात घातला तो १९९७ साली. शिक्षण, कामगार आणि उद्योग या तीन मंत्रालयांनी मिळून धोरण जाहीर केलं. पण पुढे झालं असं की कंपन्या एका दिवसाच्या कार्यक्रमालाही इंटर्नशिप म्हणू लागल्या. सकाळी कंपनीची फिल्म, दुपारी गटचर्चा, संध्याकाळी घरी! शिकणं कमी आणि भरतीची जाहिरातच जास्त. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये उद्योग आणि विद्यापीठं यांच्या संयुक्त परिषदेने चार प्रकार पाडले आणि जून २०२२ मध्ये मंत्रालयांनीही आपलं धोरण त्याप्रमाणे बदललं. मार्च २०२५ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीपासून ते लागू झालं. आपल्या घरात कॉलेजची मुलं असतील तर हे प्रकार नीट समजून घ्या.

पहिला प्रकार म्हणजे 'ओपन कंपनी', केवळ माहिती देण्यासाठी. दुसरा करिअर शिक्षणाचा, वर्गातले तास किंवा छोटे कार्यक्रम. या दोघांना आता इंटर्नशिप म्हणायचं नाही. तिसरा प्रकार ही खरी इंटर्नशिप. ती किमान पाच दिवसांची असावी, आणि विशिष्ट विषयाचं ज्ञान वापरायचं असेल तर किमान दोन आठवड्यांची. निम्म्याहून जास्त दिवस प्रत्यक्ष कामाच्या जागी जावेत, कंपनीच्या माणसाने मार्गदर्शन करावं आणि शेवटी काय जमलं, काय नाही ते विद्यार्थ्याला सांगावं. हे सगळं तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सुट्टीत. चौथा प्रकार पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, अधिक खोलातला. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात कंपनीला विद्यार्थ्याबद्दल जे कळतं ते ती पुढे भरतीच्या हंगामात वापरू शकते. म्हणूनच या पाच दिवसांसाठी सुद्धा अर्ज, निबंध, मुलाखत असं सगळं रामायण असतं.

आता भाचीकडे वळतो. ओळखीतून एका छोट्या कंपनीचा पत्ता लागला. प्रवासाचे व्हिडिओ बनवायचे, त्यांना भारतीय भाषांत मजकूर हवा होता. दोन महिने काम, तासाला हजार येन. भाची आनंदाने नाचलीच! पण पुढचं वाक्य आलं, "तिला टूरिस्ट व्हिसावर येऊ द्या, कोण विचारतंय?"

मंडळी, माझी झोप उडाली. मी नियम वाचायला घेतले तेव्हा कळलं की परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने इथे इंटर्नशिप करायची तर पहिला प्रश्न एकच, मोबदला आहे की नाही? मोबदला नसेल आणि मुक्काम ९० दिवसांच्या आत असेल तर अल्पकालीन व्हिसा चालतो. मोबदला नाही पण ९० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर 'सांस्कृतिक कार्य' हा दर्जा लागतो. आणि पैसे मिळणार असतील तर 'तोकुतेई कात्सुदो', म्हणजे विशेष कामासाठी दिलेला दर्जा. त्यासाठी विद्यापीठ आणि कंपनी यांच्यात करार हवा, इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असून तिचे श्रेयांक मिळायला हवेत, आणि मुदत एका वर्षाच्या आत आणि एकूण अभ्यासक्रमाच्या निम्म्याहून कमी हवी. टूरिस्ट व्हिसावर येऊन तासाचे पैसे घेणं हे सरळ बेकायदा काम. उद्या पकडलं तर कंपनी हात झटकेल, आणि पोरीच्या पासपोर्टवर आयुष्यभराचा डाग!

मी कंपनीला म्हटलं, रीतसर करू. ते हो म्हणाले. मग गाडी अडली आमच्याच बाजूला. तिच्या कॉलेजात विचारलं तर उत्तर आलं, "असा करार आम्ही कधी केलेला नाही." या टेबलावरून त्या टेबलावर कागद फिरला. इकडे पात्रता प्रमाणपत्राला एक ते तीन महिने सहज लागतात. कागद यायच्या आत सुट्टीच संपली. फोनवर भाची रडत म्हणाली, "मामा, मी काहीच चुकीचं केलं नव्हतं ना?" काय सांगणार! चूक तिची नव्हतीच. आम्ही मोठ्या माणसांनी चौकशी सहा महिने उशिरा केली होती.

(ती आता ठीक आहे. पुण्यातच एका साप्ताहिकात सहा आठवडे मुद्रितं तपासली. "मामा, ऱ्हस्व-दीर्घ बघून डोळे गेले," म्हणते, पण तिची वाक्यं आता माझ्यापेक्षा नीट असतात.)

हा झाला भारतातून येणाऱ्या मुलांचा प्रश्न. पण इथेच वाढलेल्या आपल्या मुलांचं काय? त्यांच्याबाबतीत एक बारकावा आहे, आणि तो बऱ्याच पालकांना माहीत नसतो. मूल 'काझोकु ताइझाई' म्हणजे कुटुंबीय या दर्जावर असेल तर पगारी कामासाठी वेगळी परवानगी लागते आणि आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते. विद्यार्थी दर्जावरच्या मुलांनाही २८ तासच, पण त्यांना कॉलेजच्या मोठ्या सुट्टीत रोज आठ तासांपर्यंत काम करता येतं. कुटुंबीय दर्जाला ही सुट्टीतली सवलत नाही! आता हिशोब करा. पाच दिवसांची पगारी इंटर्नशिप, रोज आठ तास, म्हणजे ४० तास. मुलगी जपानी शाळेत शिकलेली, अस्खलित बोलणारी, निवडही झालेली, पण कार्डावरचा दर्जा आड येतो. कायम निवासी असलेल्यांना ही अडचण नाही. बाकीच्यांनी इंटर्नशिपचा अर्ज करायच्या आधीच विद्यापीठाच्या कार्यालयात आणि इमिग्रेशनमध्ये विचारून घ्यावं. २८ तासांहून जास्त लागणार असतील तर त्या कामापुरती वेगळी परवानगी मागता येते का, हेही तिथेच विचारावं.

पैशांचा मुद्दा निघालाच आहे तर तोही स्पष्ट करतो. "अनुभव मिळतोय ना, मग पैसे कशाला?" हे वाक्य आपल्याकडे आणि इथेही ऐकू येतं. जपानचा नियम याबाबत समंजस आहे. विद्यार्थी नुसता पाहतोय, शिकतोय तर पगाराचा प्रश्न नाही. पण तो कंपनीच्या हुकमाखाली काम करतोय आणि त्या कामाचं फळ कंपनीला मिळतंय, तर तो कामगारच. मग किमान वेतन द्यायलाच हवं. टोकियोत २०२४ साली ते तासाला १,१६३ येन ठरलं होतं. (म्हणजे भाचीला सांगितलेले हजार येनही कमीच होते, हे मला फार उशिरा कळलं!) कम्युनिकेशनच्या मुलांची यात जास्त फसगत होते, कारण त्यांनी लिहिलेला मजकूर, कापलेला व्हिडिओ लगेच वापरता येतो. आम्हा इंजिनियरांचा शिकाऊ प्रोग्रॅम कोणी उगाच ग्राहकाला देत नाही!

मोठ्या नावांच्या मागे न लागता शिकायच्या जागाही आहेत. १९९५ च्या भूकंपानंतर कोबेच्या नागाता भागात परदेशी रहिवाशांपर्यंत त्यांच्या भाषेत माहिती पोचावी म्हणून 'एफएम वायवाय' हे बहुभाषिक रेडिओ केंद्र उभं राहिलं. २०१६ पासून ते इंटरनेटवरून प्रसारण करू लागलं. क्योतोत 'रेडिओ कॅफे' हे ना-नफा संस्थेने चालवलेलं केंद्र २००३ साली सुरू झालं. त्याच भूकंपानंतर 'यासाशी निहोंगो' म्हणजे सोप्या जपानीची चळवळ आली. संकटात सूचना साध्या शब्दांत हव्यात, हा धडा तेव्हा मिळाला. दोन-तीन भाषा येणाऱ्या आपल्या मुलांची खरी गरज अशा ठिकाणी आहे. पूर आला, भूकंप झाला तर वॉर्ड ऑफिसची सूचना नुकत्याच आलेल्या एखाद्या मराठी आजींपर्यंत कोण पोचवणार?

थोडक्यात, पालकांसाठी चार गोष्टी:

१. सुट्टीच्या किमान सहा महिने आधी सुरुवात करा. भारतातल्या कॉलेजचा करार आणि श्रेयांक यांची चौकशी सर्वांत आधी.

२. मोबदला आहे की नाही, हे लेखी घ्या. त्यावरच व्हिसा ठरतो.

३. रोज कोणाच्या हाताखाली काम करायचं, त्या माणसाचं नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर तिथे शिकवणारं कोणी नाही असं समजा.

४. मुलांना शेवटी हातात काय राहील ते विचारायला सांगा. छापलेला लेख, तयार केलेला कार्यक्रम, नावासकट. नुसत्या सर्टिफिकेटला इथे फारसं कोणी विचारत नाही.

आणि एक विनंती आपल्या मंडळाला आणि देणगीदारांना. ही स्मरणिका, गणपतीचं निवेदन, कार्यक्रमांचे व्हिडिओ ही सगळी कामं आपण रात्री जागून कशीबशी उरकतो. दरवर्षी एका विद्यार्थ्याला ती रीतसर शिकायला दिली तर? एक मार्गदर्शक, ठरलेले तास, स्वच्छ कागदपत्रं, कामाचा रास्त मोबदला आणि ट्रेनचं भाडं. खर्च फार नाही. आपल्यातले बहुतेक जण कोणीतरी एकाने दार उघडलं म्हणून इथवर आलो. इंजिनियरांसाठी ती दारं आता रुंद झाली आहेत. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मुलांसाठी ती अजून किलकिलीच आहेत.

उमेदवारी या शब्दातच 'उमेद' आहे. ती पोरांकडे भरपूर आहे, कागदपत्रांचं तेवढं आपण बघू.

चूकभूल द्यावी घ्यावी. आणि हो, या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ भाचीने तपासले आहेत. तिचा मोबदला म्हणून एक बेंतो मान्य झाला आहे, पुण्याच्या पुढच्या फेरीत चुकता करायचा आहे!